गवत वाळल्यावर

अक्का,

तुझ्या दारात, तुझ्या पायाशी उभी राहिले आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

आटपाडीच्या पुढचं तुमचं गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बोडके माळ, कोरडा ओढा आणि तुमच्या दारातल्या लिंबाखाली तू. बायका रडत होत्या. तुझी आई तुझ्या केसांवरून हात फिरवत होती. दिग्या गाडीतून उतरला तो कुंपणाच्या खांबाला धरूनच उभा राहिला. सगळे तुझ्याविषयी बोलत होते, तुझ्याशी कुणी बोलत नव्हतं. आता उचलतोय, आता वळतोय, पुढं चढ आहे, जरा हिसका बसेल, असं तुला कुणी सांगितलं नाही. ज्यांना तू जन्मात पाहिलं नव्हतंस अशा मेलेल्या माणसांना तू हे सगळं सांगायचीस. तुझ्या वेळी ते सांगायचं काम माझं होतं. पण ओठ उघडले तर आत नुसती हवा.

म्हणून आता लिहिते आहे. पोरांनी स्मरणिकेसाठी चार ओळी मागितल्या होत्या, त्या मी दिल्या. शालन अक्का कशी हसायची, कशी रागवायची. त्या छापून येतील. हे मात्र छापायचं नाही. यात एक गोष्ट आहे जी तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

आपण भेटलो तेव्हा मी तुझ्याकडं दाखला मागायला आले होते. कॉलेजच्या सेवा योजनेसाठी कुठंतरी समाजकार्य केल्याचं लिहून आणायचं होतं. झाडं लावणं, लहान मुलांना शिकवणं ही कामं मैत्रिणींनी आधीच पटकावली होती. कुणीतरी म्हणालं, एक नर्स आहे, सुट्टीच्या दिवशी पोरापोरींना घेऊन डोंगरात जाते. मला वाटलं, चला, ट्रेकिंग तरी होईल. तू ड्यूटी संपवून साताऱ्याच्या स्टँडसमोर भुईमुगाच्या शेंगा फोडत उभी होतीस. माझं सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस,

"रडणाऱ्या मान्साजवळ बसाया येतं का तुला?"

"बसून काय बोलायचं?"

"काय न्हाई. बसायचं."

"आणि?"

"आनि उठायचं न्हाई."

मग कळलं तुम्ही काय करता ते. घाटात, कड्याखाली, धबधब्याच्या डोहात माणूस पडला की पोलिसांचा फोन यायचा, आणि तुम्ही दोर घेऊन निघायचा. जिवंत असेल तर धावत. नसेल तरी जायचंच. दिग्या आष्ट्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, साताऱ्यात इंजिनिअरिंगला आलेला, दोर आणि माणूस वर ओढायचा पाळणा त्याच्याकडं. तू खाली उतरायचीस. बाकीचे आम्ही वर. कुणी रस्त्यावर उभं राहून गाड्या हळू करायचं, कुणी गर्दीतल्या लोकांना हात जोडून फोन खिशात ठेवायला लावायचं, कुणी घरी परतल्यावर चिखलाचे दोर धुऊन सावलीत वाळत घालायचं. दोर धुणं हेसुद्धा सेवेचं काम असतं यावर माझा महिनाभर विश्वास बसला नाही. आपल्या गटाला तू नाव ठेवू दिलं नाहीस. नाव ठेवलं की शर्ट शिवावे लागतात, म्हणायचीस.

माझं काम मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. कड्याच्या काठावर घरच्या माणसांजवळ बसायचं.

आपला वाद कधी सुरू झाला ते मला पक्कं आठवतं. महापूर ओसरल्यावर आपण सांगलीकडं गेलो होतो, लोकांच्या घरातला गाळ काढायला. पाट्या भरभरून चिखल बाहेर टाकला, भांडी घासली, एका म्हातारीची शिवणाची मशीन तेल घालून चालू केली. संध्याकाळी त्या घरातल्या बायकांनी आम्हांला पिठलं-भाकरी वाढली. परतीच्या एसटीत मी तुला म्हणाले, "अक्का, असलं काम करूया की. ह्याला अर्थ आहे. घर उभं राहिलेलं दिसतं. दरीत उतरून आपण जे वर आणतो त्याचा कुणाला काय उपयोग? जिवंत माणसं काय कमी आहेत मदत करायला?"

तू खिडकीतून उसाच्या आडव्या झालेल्या फडांकडं बघत होतीस.

"जित्यास्नी इचारनारं कोन ना कोन निघतं, वैजे. मेलेल्याला कोन हाय?"

"मेलेल्याला काय फरक पडतो?"

"तुला कवा कळलं की त्येला फरक पडत न्हाई म्हनून?"

मी चिडले. म्हणाले, कॉलेजच्या पोरांना तू हे बघायला लावतेस, त्यांच्या डोक्यातून ते कसं जाणार? तू म्हणालीस, जाऊ नये म्हनूनच. कराडच्या स्टँडवर तू भाजलेली कणसं घेतलीस. त्यातली अर्धी मला दिलीस. वाद तिथं मिटला नाही, नुसता बाजूला ठेवला, आणि पुढं दर वेळी तो तिथूनच उचलायचो.

आता भादव्यातल्या त्या दिवसाचं सांगते. तुला माहीत आहे ते सगळं, तरी सांगते. तू खाली होतीस आणि मी वर, त्यामुळं माझ्या बाजूचं तुला पुरतं माहीत नसेल.

मेढ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या वळणावर, कडेगावच्या एका मुलाची मोटरसायकल दोन दिवस उभी होती. धुकं इतकं की काठावर उभं राहिलं तर आपले स्वतःचे पाय दिसत नव्हते. त्याचे वडील आले होते, पांढरी टोपी, धोतर, हातात मुलाचा मोबाईल. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांच्यामागं त्यांची मुलगी अंकिता, बारावीत असेल. मी तात्यांजवळ दगडावर बसले. तू आणि दिग्या धुक्यात उतरलात. दोर हलत राहिला म्हणून तुम्ही आहात एवढं कळत होतं.

वॉकीटॉकी माझ्या मांडीवर होता. घरच्यांना खालचं काही ऐकू जाऊ नये म्हणून मी तो बारीक ठेवायची. त्या दिवशी तात्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "वाढीव. ऐकू दी."

आणि तुझा आवाज आला.

"दादा, मी शालन. नर्स हाय मी, बिचकू नगंस. आता तुजा हात सरळ करती. हां. आता तुला उचलून पाळन्यात ठेवनार हाय आमी. वर तुजं वडील आल्यात. भन आलीया. त्यांच्याकडंच निगालोय आपन."

तू हे करतेस ते मला माहीत होतं, पण मी कधी ऐकलं नव्हतं. तू मध्ये मध्ये थांबत होतीस. समोरचा बोलतोय आणि आपण ऐकून घेतोय, तेवढं थांबत होतीस. तात्या पुढं वाकले आणि त्या यंत्राला म्हणाले, "व्हय लेकरा. हितं हाय मी."

मग बराच वेळ नुसती खरखर. मग तात्यांनी मान तिरकी केली.

"ती दुसरी बाई कोन हाय?"

"दुसरी कुठली, तात्या? खाली आमची एकच बाई आहे."

"न्हाई. ती शेरडं बोलावतीया ती."

मी कान दिला. खरखर. वारा. मला दुसरं काही ऐकू आलं नाही, अक्का, शपथेवर सांगते. मी तात्यांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा दुःखानं सैरभैर झालेल्या माणसासारखा नव्हता. बांधावर उभं राहून शेजारच्या शेतातून कोण हाक मारतंय ते ऐकावं तसा होता.

तुम्ही मुलाला वर आणलंत. तात्यांनी तुला एकच विचारलं, "लय तरास झाला आसंल का गं त्येला?" तू त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलीस. "पडल्या पडल्या, तात्या. कळलं बी न्हाई त्येला." अंकिता मागं उभी राहून ऐकत होती. ते शब्द तिनं जसे धरून ठेवले तसे मी नंतर तिच्याकडूनच ऐकणार होते.

गाडी गेल्यावर तू बाटलीतल्या पाण्यानं हात धुतलेस आणि माझ्याकडं आलीस. मला वाटलं चहा मागशील.

"खाली आनखी कोनतरी हाय."

दिग्या दोर गुंडाळत होता. "मी व्हतो की तुज्यासंगं. कोन न्हाई."

"दिसलं न्हाई. ऐकलं." मग जीभ टाळ्याला लावून तू तो आवाज काढून दाखवलास. संध्याकाळी शेरडांना घरी बोलावताना जुन्या बाया काढतात तो.

"पाखरू आसंल."

"मेंढरांमागं वाढलीया मी, दिग्या. पाखरू कंचं आनि मानूस कंचं, मला सांगू नगंस."

तेव्हा मी तुला तात्यांचं सांगितलं. तू दचकशील असं वाटलं होतं. तू नुसतं म्हणालीस, "त्येनी बी ऐकलं व्हय. बरं झालं." काय बरं झालं, ते तू सांगितलं नाहीस.

पुढच्या सुट्टीला तू परत उतरून पाहिलंस. कारवी आणि गवत माणसाला गिळेल एवढं वाढलेलं, पायाखाली शेवाळ, धुकं तसंच. काही हाती लागलं नाही. वर येऊन तू म्हणालीस, "गवत वाळलं की उतरू." मी म्हणाले, एका आवाजासाठी? कुणाची तक्रार नाही, कुणी शोधत नाही. तू म्हणालीस, कुनी शोधत न्हाई हे तुला काय म्हाईत. आपला तोच जुना वाद. मी हसण्यावारी नेलं आणि तुला ते आवडलं नाही.

दिवाळीला तू गावी गेलीस आणि तिथं ताप आला. तुला सांगलीला आणलं तेव्हा तो डोक्यात गेला होता. मी भेटायला आले त्या दिवशी तू डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होतीस. तिथली नर्स म्हणाली, कुणाला ओळखत नाहीत. मी तुझा हात धरला. तू मान न वळवता विचारलंस,

"गवत वाळलं का?"

नर्स माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, असंच काहीतरी बोलतात. मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अजून नाही, अक्का. अजून हिरवं आहे." तू मान हलवलीस. ते आपलं शेवटचं बोलणं. त्यात मरणाचा, आजाराचा, एकमेकींचा काही उल्लेख नाही. त्यावर कधी कधी हसू येतं आणि कधी कधी येत नाही.

तुझे दिवस झाल्यावर मी साताऱ्याला परत आले आणि ठरवलं की आता बास. पोरांना सांगितलं, दुसरं काहीतरी करूया, रक्तदान आहे, शाळा आहेत. कुणी नाही म्हणालं नाही.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, दबका.

"शालनताईंच्या फोनवर केला हुता. त्येंच्या भावानं तुमचा लंबर दिला. ताई गेल्या म्हनं."

"हो. तुम्ही कोण?"

"मी सुरेखा. वरच्या वाडीवरची. ताई म्हनल्या हुत्या, गवत वाळलं की येतो." मागं शेरडू ओरडलं. "गवत वाळलंय."

अक्का, मी भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी होते आणि अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. त्या घाटाच्या वर, कड्याला पाठ लावून चार घरं आहेत, त्यातलं शेवटचं सुरेखाचं. माझ्याएवढीच असेल, पण चेहरा ओढलेला. तिनं मला पाणी दिलं आणि सांगायला लागली. तिची सासू ठकूबाई काही वर्षांपूर्वी एका सकाळी शेरडं घेऊन गेली ती परत आली नाही. संध्याकाळी शेरडं आपली आपण घरी आली. त्या सकाळी सासूसुनेची चुलीवरून कुरबूर झाली होती, साऱ्या वाडीनं ऐकली होती. लोक म्हणाले, म्हातारी रागानं लेकीकडं गेली असेल. लेकीच्या गावच्या वाटेनं माणसं पाठवली. तिथं नव्हती. मग म्हणाले, सुनेनं घालवली, म्हातारीनं जिवाचं काही करून घेतलं. तेव्हापासून वाडीत कुणी सुरेखाच्या हातचं पाणी घेत नव्हतं. नवरा चांगला, पण तोही कधी कधी जेवता जेवता तिच्याकडं नुसता बघत बसायचा.

"ताई इचारत आल्या, हितनं कोन हरावलंय का म्हनून. येतच ऱ्हायल्या. शेरडांपाशी बसायच्या, धार काढू लागायच्या. मला कायबी इचारलं न्हाई कवा, तू काय केलंस म्हनून."

तू मला हे का सांगितलं नाहीस? एसटीत, स्टँडवर, चहा पिताना किती वेळा आपण भांडलो, मेलेल्याचं काम का जित्याचं. एकदा सुरेखाचं नाव घेतलं असतंस तर मी त्याच क्षणी गप्प झाले असते. मला वाटतं म्हणूनच घेतलं नाहीस. तिचं दुःख माझ्याशी वाद जिंकायला वापरायचं नव्हतं तुला. किंवा विसरली असशील. आता विचारायची सोय नाही.

दिग्या आधी नाही म्हणाला. "अक्का नसताना मी त्या खाचेत उतरनार न्हाई." मग रविवारी सगळ्यात आधी तोच येऊन दोर बांधत बसला. पोलिसांना कळवलं होतं. खाली उतरायला दुसरं माणूस हवं होतं आणि मी हार्नेस चढवला. सराव होता, पण मी कायम वरची. सुरेखाजवळ कोण बसणार हा प्रश्न होता. अंकिता कडेगावहून आली होती. भावाला वर आणलं त्यानंतर आठवड्यातच तिनं तुला फोन केला होता ना, मला काहीतरी काम द्या म्हणून? आणि तू म्हणाली होतीस, आदी रडून घे, काम कुठं जात न्हाई. ती म्हणाली, माझं रडून झालंय, मी बसते. मी तिला काय सांगायचं ते सांगायला लागले, तर म्हणाली, मला माहिती आहे. उठायचं नाही.

वर ऊन होतं, अक्का. लख्ख हिवाळ्याचं ऊन. कारवीच्या नुसत्या काड्या उरलेल्या. पण दोन दोरांइतकं खाली गेल्यावर ऊन संपलं, आणि त्याच्याही खाली आवाज संपला. पाखरू नाही, पाणी नाही, वारा नाही. माझ्या हेल्मेटच्या पट्ट्याचा आवाज मला मोठा वाटत होता. मी कान देत होते तो आवाज येईल म्हणून, आणि तो येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होते. तो आला नाही. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे, मला सारखं वाटत होतं की कुणीतरी आम्हांला बघून बोलायचं थांबलंय.

दिग्यानं हात वर केला. मुलाला जिथून उचललं होतं तिथून हाकेच्या अंतरावर कड्याला आत वळलेली खोबण होती. भादव्यात ती गवतानं झाकलेली होती. आत ठकूबाई होत्या.

जे उरलं होतं ते भिंतीला टेकून बसलेलं होतं. मांडीवर करडाची बारीक हाडं. मला वाटलं होतं मी ओरडेन. मी खाली बसले, जशी वर बसायची तशी, थोडं अंतर ठेवून.

मग दिग्या अगदी हळू म्हणाला, "वैजे, ह्या लगीच गेल्या न्हाईत."

तेव्हा मला दिसलं. करडाच्या मागच्या पायाच्या हाडाला काडी लावून चिंधी बांधलेली होती. नायलॉनच्या लुगड्याची, काठ अजून हिरवा. खोबणीच्या तोंडाशी दगड रचलेले, हातानं, एकावर एक, वारा अडवायला किंवा करडू बाहेर जाऊ नये म्हणून. बसायला गवत उपटून अंथरलेलं. करडू खाली पडलं म्हणून त्या उतरल्या असणार, पाय गेला असणार, आणि मग त्या इथं आत येऊन बसल्या. एवढं सगळं करायला वेळ लागतो. एखादी रात्र, कदाचित जास्त. माणसं तेव्हा लेकीच्या गावच्या वाटेवर शोधत होती.

"वर ह्ये सांगायचं न्हाई," दिग्या म्हणाला. पोलिसांना फोटो द्यायचेच होते, ते आम्ही जसं होतं तसे काढले, मग मी करडाच्या हाडावरची चिंधी सोडून स्वतःजवळ ठेवली. प्रश्न पोलिसांचा नव्हता.

उचलायची वेळ आली आणि दिग्या माझ्याकडं बघायला लागला. तो वाट बघत होता. तू नव्हतीस.

तुझ्या दारात जे जमलं नव्हतं ते इथंही जमेना. मग मी त्या हिरव्या काठाकडं बघत म्हणाले, "आजी, मी वैजू. मेढ्याची हाय मी. तुमाला न्यायला आलोय." आवाज माझा वाटला नाही. "करडू बी घेतलंय. ऱ्हाऊ दिलं न्हाई. आता उचलतोय. जरा हिसका बसंल. वर सुरेखा आलीया, तुमचा लेक आलाय." आणि अक्का, मला तुझं ते थांबणं कळलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबावंच लागतं. उत्तर येत नाही. पण लगेच पुढचं बोललं तर उद्धटपणा वाटतो.

वर आल्यावर ठकूबाईंच्या मुलानं त्यांच्याजवळ मिळालेल्या विळ्याची मूठ ओळखली, तिला त्यानंच तार गुंडाळली होती. करडाची हाडं बघून वाडीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. म्हातारी रागानं गेली नव्हती. करडामागं गेली होती. मग एक म्हातारी उठली आणि सुरेखाजवळ जाऊन बसली, आणि तिच्या तांब्यातलं पाणी प्यायली. नवरा उभ्या उभ्या रडायला लागला.

सुरेखानं माझा हात धरला. "ताई, आत्या लगीच गेल्या आसतील न्हवं?"

तुझ्या जागी गुडघ्यावर बसले मी. "पडल्या पडल्या," म्हणाले. "कळलं बी नसंल त्येंना."

माझी नजर वर गेली तेव्हा अंकिता माझ्याकडं बघत होती.

परत येताना गाडीत ती मागच्या सीटवरून पुढं वाकली. मग तिनं विचारलं, "ताई, दादाबद्दल अक्का म्हणाल्या होत्या ते खरं होतं ना?"

मी म्हणाले, हो. पण मी तेव्हा वर होते. खाली काय होतं ते तू आणि दिग्यानं पाहिलं, आणि दिग्या स्टिअरिंग धरून रस्त्याकडं बघत होता. मी त्याला विचारलं नाही. विचारणारही नाही. किती घरांत तू हे वाक्य ठेवून आलीस, आणि त्यातलं किती खरं होतं, आणि जे खरं नव्हतं ते सगळं तू एकटीच कुठं घेऊन फिरत होतीस? इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसून शेंगा खाल्ल्या मी. मला वाटायचं तुझं काम अवघड आहे ते दोरावर लटकण्यामुळं.

ठकूबाईंचं सगळं झाल्यावर मी पुन्हा वाडीवर गेले, सहज. दिवस कलत होता. सुरेखाच्या चेहऱ्यावर रंग आला होता. शेजारीण कालवण घेऊन आली, बसली, गेली. मग सुरेखानं दार अर्धं लोटलं आणि म्हणाली, "येक सांगू का ताई? हसू नगा."

ती म्हणाली, सासू गेली त्या सांजेला आणि दुसऱ्या सांजेला तिला कड्याकडून आवाज आला होता, शेरडं बोलावल्याचा. स्पष्ट. शेरडं कान टवकारून काठाकडं पळाली होती. तिनं घरच्या माणसांना सांगितलं. दीर म्हणाला, आधी घालवायची आणि मग नाटकं. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. मग पुढं कधीतरी परत सुरू झाला, आणि अजून येतो.

"इतकी वर्सं मनात हुतं," ती म्हणाली, "त्या पयल्या दोन दिसाचा आवाज खरा आसंल तर? त्या हाका मारत आसतील आनि मी घरात बसले आसंन तर? पर तुमी म्हनला, पडल्या पडल्या गेल्या. म्हंजी त्यो बी भासच. न्हवं?"

अक्का, ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणाले. "भासच."

तिनं श्वास सोडला. इतका मोठा की मला वाटलं घरातला दिवा फडफडेल. मग ती उठून चहाचं आधण ठेवायला गेली.

"आता येतो का आवाज?" मी विचारलं.

"येतो की. पर आता भ्या वाटत न्हाई. आता मी ओ देती."

बाहेर शेरडं अंगणात गोळा होऊन रवंथ करत होती. कड्यापलीकडं ऊन उतरलं होतं. मी उंबऱ्यात उभी राहून कान दिला, खूप वेळ. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग अंगणातल्या सगळ्या शेरडांनी एकदम माना वर केल्या आणि कड्याकडं तोंडं वळवली. आणि चुलीपाशी बसलेली सुरेखा, बाहेर न बघताच, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"आले, आत्या."